चालला, पण कळला का?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सचे जे प्रकल्प सुचवले जातात, त्यांची यादी गेली कित्येक वर्षे फारशी बदललेली नाही. लुकलुकणारा दिवा, अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, टाळी वाजवल्यावर सुरू होणारा पंखा, टाकी भरली की वाजणारी घंटी. आणि अलीकडे यांच्या जोडीला आर्डुइनोवर चालणारी एखादी छोटी गाडी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात प्रकल्पाधारित शिक्षणाला स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले. शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आल्यापासून हेच प्रकल्प आठवी-नववीच्या वर्गांपर्यंतही पोचले आहेत. मुले हातात पकड आणि वायर घेऊन बसतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, तसे या प्रकल्पांचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. प्रकल्प ‘चालतो’ एवढ्यावर तो चांगला ठरतो. म्हणून या लेखात तीन अतिपरिचित प्रकल्प तपासून पाहू. त्यासाठी कसोटी अगदी साधी आहे. प्रकल्प करणाऱ्याला जोडणी करण्याआधी काही अंदाज बांधता येतो का? जोडल्यावर तो अंदाज मोजून पाहता येतो का? आणि अंदाज व मोजमाप यांत फरक पडला, तर त्याचे कारण शोधता येते का? या तीन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर मिळाले, तर प्रकल्पाने काही शिकवले असे म्हणता येईल. नाहीतर ती नुसती जोडणी झाली.

लुकलुकणारा दिवा

पहिला मान अर्थातच ५५५ या आयसीचा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हान्स कामेनझिंड यांनी सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी १९७१ मध्ये तिचा आराखडा पूर्ण केला आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. आठ पायांची ही आयसी अर्धशतक उलटून गेले तरी जगभर वापरात आहे आणि आपल्याकडे एका चहाच्या पैशांत मिळते.

नेहमीची पद्धत अशी. पुस्तकातून किमती उतरवून घ्यायच्या, ब्रेडबोर्डवर भाग खोचायचे, ९ व्होल्टची बॅटरी जोडायची. एलईडी लुकलुकला की टाळ्या. या स्वरूपात आपल्या कसोटीवर हा प्रकल्प नापास होतो, कारण त्यात अंदाजही नाही आणि मोजमापही नाही. मात्र दोष सर्किटाचा नाही, ते वापरण्याच्या रीतीचा आहे. या आयसीच्या पोटात काय चालते ते एकदा पाहिले, की हाच प्रकल्प वेगळा दिसू लागतो.

आत प्रत्येकी ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकामागे एक जोडलेले असतात. ते पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. त्यामुळे एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अशा दोन खुणा तयार होतात. बाहेर आपण दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर जोडतो. कपॅसिटर दोन्ही रेझिस्टरमधून भरत जातो; त्याचे व्होल्टेज दोन-तृतीयांशाच्या खुणेला लागले की आयसी भरणे थांबवते आणि दुसऱ्या रेझिस्टरमधून तो रिकामा करू लागते. व्होल्टेज एक-तृतीयांशावर उतरले की पुन्हा भरणे सुरू. भरताना दिवा पेटलेला, रिकामे होताना विझलेला. आड आणि रहाट यांच्यासारखाच हा प्रकार, फक्त पाण्याच्या जागी विद्युतभार.

एका फेरीला लागणारा वेळ काढायचा तर पहिल्या रेझिस्टरमध्ये दुसऱ्याची दुप्पट मिळवायची, त्या बेरजेला कपॅसिटरच्या किमतीने गुणायचे आणि आलेल्या गुणाकाराला ०.६९३ ने गुणायचे. हा ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगॅरिथम. तो येथे कोठून आला, हे बारावीचा गणिताचा विद्यार्थी स्वतः काढू शकतो.

आता पहिला रेझिस्टर १ किलोओहम, दुसरा ४७ किलोओहम आणि कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा घेऊ. एका फेरीला सुमारे ०.६६ सेकंद लागतील, म्हणजे दिवा मिनिटाला ९१ वेळा लुकलुकायला हवा. हा झाला अंदाज. मोजमापासाठी ऑसिलोस्कोप नको, हातातले घड्याळ पुरे. समजा, विद्यार्थ्याने मोजले आणि आकडा ७९ आला. इथे बहुतेक जण ‘चालतंय ना सर’ म्हणून पुढे जातात. खरा प्रकल्प मात्र इथेच सुरू होतो. रेझिस्टरवर सोनेरी पट्टा आहे, म्हणजे त्यांच्या किमतीत जास्तीत जास्त ५ टक्के फरक असणार. सापडलेली तफावत त्याहून बरीच मोठी आहे. मग संशय कपॅसिटरवर येतो. साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत लिहिलेल्या आकड्यापेक्षा २० टक्के कमी-जास्त असू शकते, म्हणजे मिनिटाला ७६ पासून ११४ पर्यंत कोणताही आकडा एकट्या कपॅसिटरमुळे येऊ शकतो. ७९ वरून उलटे गणित केले तर तो कपॅसिटर १० नव्हे, साडेअकरा मायक्रोफॅरडच्या आसपास निघतो. दुसरा कपॅसिटर लावून पाहिला की हा तर्क खरा की खोटा ते ठरते. अंदाज, मोजमाप, तफावत, संशयित, पडताळा या साऱ्या पायऱ्या त्यात आल्या, आणि खर्च एका कपॅसिटरचा.

आणखी एक प्रश्न वर्गात जरूर विचारावा. बॅटरी ९ ऐवजी ६ व्होल्टची लावली तर दिवा जलद लुकलुकेल की सावकाश? कमी व्होल्टेज म्हणजे कपॅसिटर सावकाश भरणार, म्हणून दिवाही सावकाश लुकलुकेल, असे उत्तर सहज सुचते. प्रत्यक्षात दिवा मंद होतो, पण मिनिटाचा आकडा जवळजवळ तोच राहतो. कारण भरण्याचा वेग जितका घटला, तितक्याच प्रमाणात त्या दोन खुणाही खाली आल्या. कामेनझिंड यांच्या आराखड्यातले हे मर्म आहे आणि बॅटरी बदलून पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

अंधारात लागणारा दिवा

दुसरा प्रकल्प विज्ञान प्रदर्शनांचा लाडका. एक एलडीआर, एक ट्रान्झिस्टर, एक एलईडी. एलडीआरवर हात धरला की दिवा लागतो. वर पुठ्ठ्याचा रस्ता, दोन झाडे आणि ‘स्वयंचलित पथदिवे’ अशी पाटी.

या प्रकल्पाची खरी गंमत तो मांडणाऱ्यांनी झाकलेली असते, तीही अक्षरशः. एलडीआरवर काळ्या कागदाची नळी का बसवली आहे, असे विचारून पाहावे. ती काढली की दिव्याचा स्वतःचा उजेड एलडीआरवर पडतो. अंधार झाला म्हणून दिवा लागतो. दिवा लागला म्हणून एलडीआरला उजाडल्यासारखे वाटते आणि दिवा विझू लागतो. विझला की पुन्हा अंधार. एकाच ट्रान्झिस्टरच्या सर्किटात दिवा अर्धवट मिणमिणत राहतो. व्होल्टेजची तुलना करणारी आयसी किंवा रिले वापरला असेल, तर तो थरथरल्यासारखा भराभर चालू-बंद होऊ लागतो. ढगाळ संध्याकाळी उजेड उंबरठ्याच्या अल्याड-पल्याड हेलकावत असतो, तेव्हाही हेच घडते.

नळी बसवली की प्रदर्शन पार पडते, पण प्रश्न सुटत नाही. लागण्याचा उंबरठा वेगळा आणि विझण्याचा वेगळा असावा, हे त्याचे उत्तर आहे. अमेरिकेतील ऑटो श्मिट यांनी १९३४ मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना, नेमके असे सर्किट शोधून काढले. स्क्विड या सागरी प्राण्याच्या मज्जातंतूंवरील काम त्यामागे होते. आज ते ‘श्मिट ट्रिगर’ म्हणून ओळखले जाते.

दोन वेगळ्या खुणा आपण नुकत्याच पाहिल्या आहेत. ५५५ चे दुसरा आणि सहावा हे पाय एकत्र जोडले की तीच आयसी श्मिट ट्रिगर होते. पुरवठ्यापासून या जोडापर्यंत एलडीआर लावायचा आणि जोडापासून ऋण टोकापर्यंत एक साधा रेझिस्टर. अंधारात एलडीआरचा रोध या रेझिस्टरच्या दुपटीच्या वर गेला की जोडावरचे व्होल्टेज एक-तृतीयांशाखाली येते आणि दिवा लागतो. तो विझायचा तर व्होल्टेज दोन-तृतीयांशावर जायला हवे, म्हणजे एलडीआरचा रोध रेझिस्टरच्या निम्म्यावर यायला हवा. दुपटीवर लागणारा दिवा निमपटीवर विझतो. मधे चौपटीचे अंतर आहे. एलईडीचा उजेड एलडीआरचा रोध चौपटीने खाली आणण्याइतका नसेल, तर नळीची गरजच उरत नाही. हे आकडे कागदावर आधी काढता येतात आणि मल्टिमीटरने तपासताही येतात. पथदिव्याचा हा प्रकल्प नळीसह केला तर सजावटीचा आहे. नळी काढून केला तर पहिल्या वर्षाच्या उत्तम प्रकल्पांपैकी एक आहे.

आर्डुइनोवरचा ‘ब्लिंक’

तिसरा प्रकल्प आजच्या मुलांचा पहिला असतो. आर्डुइनो उनोच्या पाटीवर तेरा क्रमांकाच्या पायाला जोडलेला छोटा एलईडी असतो. संगणकावरून आठ-दहा ओळींचा प्रोग्रॅम पाठवला की तो सेकंदभर पेटतो, सेकंदभर विझतो. एकही भाग जोडावा लागत नाही. मिनिटाला तीस म्हणजे तीस; घड्याळ लावून मोजण्याजोगा फरक सापडणार नाही, कारण वेळ राखण्याचे काम पाटीवरचे १६ मेगाहर्ट्झचे घड्याळ करते.

हे आर्डुइनोचे अपयश नव्हे. ती पाटी ज्या कामासाठी बनली, ते काम ती चोख करते. मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे, डिझाइन शिकवणाऱ्या एका संस्थेत तयार केली. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यालाही आपली कल्पना चालती-बोलती करता यावी, हा तिचा हेतू होता. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स नजरेआड ठेवणे हाच तिचा गुण. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची गरज मात्र नेमकी उलटी आहे. जे नजरेआड आहे, ते त्याला पाहायचे आहे. म्हणून ‘ब्लिंक’ हा प्रोग्रॅमिंगचा पहिला धडा म्हणून ठीक, इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला धडा म्हणून रिकामा.

पाटीबाहेर पाऊल टाकले की परिस्थिती बदलते. बाहेरचा एलईडी जोडताना २२० ओहमचा रेझिस्टर का लावायचा? पाच व्होल्टमधून एलईडीचे सुमारे दोन गेले, उरले तीन. त्यांना २२० ने भागले की १४ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह येतो. हे तोंडी गणित न करताच तो रेझिस्टर लावणारी मुले वर्गावर्गात आढळतील. छोटी मोटर थेट पायाला जोडली तर पाटी रुसते, कारण उनोच्या एका पायातून ४० मिलिअँपिअर ही अगदी शेवटची मर्यादा आहे आणि मोटर सुरू होताना त्याच्या कित्येक पट प्रवाह मागते. इथे ट्रान्झिस्टर का लागतो, मोटरला उलटा डायोड का जोडायचा, हे प्रश्न आपसूक येतात. गाडीच्या प्रकल्पात मात्र यासाठी तयार मॉड्यूल मिळते आणि प्रश्न पुन्हा झाकला जातो.

आर्डुइनोचा याहून चांगला उपयोग म्हणजे मोजण्याचे साधन म्हणून. जुन्या उनोची पाटी शून्य ते पाच व्होल्टचे व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत वाचते. पहिल्या प्रकल्पातल्या ५५५ ला याच पाटीवरून पाच व्होल्ट द्यावेत, दोघांचे ऋण टोक एक करावे आणि कपॅसिटरचे व्होल्टेज सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला वाचून संगणकाच्या पडद्यावर त्याचा आलेख काढावा. ५५५ ला ९ व्होल्टची बॅटरी मात्र इथे चालणार नाही; दोन-तृतीयांश म्हणजे ६ व्होल्ट होतील आणि पाटीला धोका पोचेल. आलेख वर जाताना ६८३ च्या आसपास वळला पाहिजे आणि खाली येताना ३४१ च्या आसपास, कारण १०२४ चे दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश तेवढेच. ५५५ ची वीज नंतर जोडली तर पहिला चढ पुढच्या चढांपेक्षा लांब दिसतो, कारण कपॅसिटर त्या वेळी एक-तृतीयांशापासून नव्हे, शून्यापासून भरत असतो. पुस्तकात छापलेली चार्जिंगची वक्ररेषा स्वतःच्या ब्रेडबोर्डवरून येताना पाहणे ही साधी गोष्ट नाही. ज्या महाविद्यालयात ऑसिलोस्कोपपाशी रांग लागते, तिथे तर हा मार्ग फारच सोयीचा.

दोन पुस्तके

या विषयावरची दोन इंग्रजी पुस्तके आपल्याकडच्या ग्रंथालयांत असावीत. फॉरेस्ट मिम्स यांचे ‘गेटिंग स्टार्टेड इन इलेक्ट्रॉनिक्स’ १९८३ मध्ये रेडिओ शॅक या अमेरिकन दुकानसाखळीसाठी निघाले. सबंध पुस्तक हाताने लिहिलेले आणि हाताने चितारलेले. एखाद्या हुशार वर्गमित्राची वही वाचतो आहोत असे वाटते. प्रत्येक भाग दिसतो कसा, त्याच्या आत काय घडते, हे त्यातल्या चित्रांइतके सोपे क्वचितच कोणी सांगितले असेल. शेवटी दिलेली शंभर सर्किटे मात्र पाककृतींसारखी आहेत. किमती दिल्या आहेत. त्याच का, हे बहुतेक ठिकाणी वाचकाने शोधायचे.

चार्ल्स प्लॅट यांचे ‘मेक: इलेक्ट्रॉनिक्स’ २००९ चे. त्यांची रीत उलटी: आधी करून पाहा, नियम मागाहून. काही भाग मुद्दाम जाळून पाहायलाही ते सांगतात. मर्यादा ओलांडली की काय होते हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ती मर्यादा विसरत नाही, आणि दोन-तीन रुपयांच्या एलईडीच्या मोबदल्यात हा सौदा स्वस्तच आहे. त्यांच्या सामानाच्या याद्या मात्र अमेरिकन बाजार समोर ठेवून केलेल्या आहेत. आपल्या शिक्षकाने त्यांतले निम्मे वगळून, उरलेले लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणाऱ्या भागांत बसवून घ्यावे.

गुण कशाला?

आता मुळाशी येऊ. चांगले प्रकल्प वाईट रीतीने केले जातात, याचे मोठे कारण आपली गुण देण्याची पद्धत आहे. ‘चालतो का’ हाच प्रश्न परीक्षेत विचारला, तर विद्यार्थी चालणारा प्रकल्प आणणार, मग तो कोठून का येईना. तयार प्रकल्प अहवालासकट विकत मिळतात, हे आता गुपित राहिलेले नाही. दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. एकीने आठवडाभर खटपट केली, दिवा पेटला नाही, पण वायर कोठे तुटली असावी याचा शोध ती निम्म्यापर्यंत घेऊन आली आहे. दुसऱ्याने पैसे मोजले, दिवा झगझगीत पेटतो आहे. पहिलीला दहापैकी चार आणि दुसऱ्याला नऊ मिळणार असतील, तर आपण नेमके काय शिकवले? ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्या मुलाला त्यातून काय कळले? या अन्यायाची किंमत एका विषयापुरती राहत नाही. आपल्या हातांवर आणि आपल्या मोजमापावर विश्वास ठेवायचा की नाही, याचा पहिला धडा मूल इथे घेत असते.

यावर एक आक्षेप योग्य आहे. नवशिक्याला आधी यशाचा आनंद हवा. पहिल्याच दिवशी तफावत आणि लॉगॅरिथम काढले तर तो पळून जाईल. हे खरेच आहे. पहिला दिवस खुशाल दिवा पेटवण्याचा असावा, टाळ्याही वाजाव्यात. फक्त प्रकल्प त्या टाळ्यांवर संपू नये. दुसरा आक्षेप वेळेचा. साठ मुले, दोन तास आणि एकच शिक्षक असताना प्रत्येकाची तफावत कोण तपासणार? त्यासाठी दोन गोष्टी सुचवतो. दोन्ही बिनखर्चाच्या आहेत.

पहिली, अंदाजाची वही. जोडणीआधी अपेक्षित आकडा लिहायचा, त्यावर शिक्षकाने तारीख घालून सही करायची, नंतर मोजलेला आकडा शेजारी लिहायचा आणि फरकाचे कारण चार ओळींत मांडायचे, मराठीत मांडले तरी चालेल. मुद्रित अहवाल विकत मिळतो. सहीखालचा चुकलेला अंदाज विकत मिळत नाही. प्रत्येकाचा कपॅसिटर वेगळा असल्याने शेजाऱ्याचा आकडाही उतरवता येत नाही.

दुसरी, दोष शोधण्याची परीक्षा. चालत्या सर्किटात शिक्षकाने एक दोष घालून ठेवायचा. एलईडी उलटा करा, ५५५ चा चौथा पाय ऋण टोकाला जोडा, किंवा दुसऱ्या आणि सहाव्या पायांमधली वायर काढून घ्या. काही लांब ब्रेडबोर्डांवर कडेची वीजपुरवठ्याची पट्टी मधोमध तुटलेली असते. तो दोष तर आयताच मिळतो. विद्यार्थ्याला मल्टिमीटर आणि पंधरा मिनिटे द्यायची. दोष सापडला नाही तरी कोठे कोठे मोजले आणि त्यावरून काय वगळले, याला गुण द्यायचे. हे सारे बॅटरीवरच व्हावे. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला पहिल्या वर्षाच्या प्रकल्पांत हात लावू देऊ नये. एक पथ्य शिक्षकानेही पाळायचे: ५५५ चा पहिला रेझिस्टर १ किलोओहमच्या खाली नेऊ नये. तो काढून तिथे नुसती वायर लावली, तर आयसीच जळेल.

कामेनझिंड यांनी ५५५ चा आराखडा कारखान्यात पाठवण्याआधी तो सुट्या भागांनी जोडून तपासून पाहिला होता. ज्या आयसीमुळे आज आपल्याला काही तपासावे लागत नाही, ती अशा तपासणीतून जन्मली. येत्या सत्रात नवे प्रकल्प शोधायची गरज नाही. तोच लुकलुकणारा दिवा वर्गात न्यावा, आणि मुलांनी बॅटरी जोडण्याआधी फळ्यावर एक रकाना आखावा: ‘मिनिटाला किती?’